सोसायटीच्या गच्चीवरचं सोलर, चाळकेवाडीचं वारं आणि आपला वाटा

गच्चीसचिव (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचनमात्र असतो, पण परवाच्या सोसायटीच्या सभेनंतर कुणापाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना.

आमची चोवीस फ्लॅटची सोसायटी. एक लिफ्ट, बोअरची मोटर, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे. सामायिक मीटरवर महिन्याला सरासरी ९०० युनिटं पडतात, बिल तेरा हजारांच्या घरात. गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये मिळतात, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. सोसायटीच्या सामायिक वापरालाही किलोवॅटमागे १८,००० मिळतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. मी तीन ठिकाणची कोटेशनं आणली. ८ किलोवॅटला ४ लाख २० हजार, त्यातून अनुदानाचे १ लाख ४४ हजार वजा. राहिले २ लाख ७६ हजार, म्हणजे फ्लॅटमागे साडेअकरा हजार. किलोवॅटला महिन्याला ११०-१२० युनिटं धरली तरी बिल जवळजवळ संपतं, पैसे दोन वर्षांत वसूल. मला वाटलं, चहा यायच्या आत ठराव मंजूर.

सभेला सोळा जण. पहिला प्रश्न वरच्या मजल्यावरच्या काकींचा: "मग मी कुरडया कुठं वाळवू?" हसू नका, प्रश्न रास्त होता. ८ किलोवॅटला ८० चौरस मीटर तरी बिनसावलीची जागा लागते, आणि टाकीची सावली सोडली तर आमच्या गच्चीत उरते तेवढीच. दुसरे म्हणाले, आम्ही पहिल्या मजल्यावर, लिफ्ट वापरत नाही, आम्ही का भरायचं? तिसऱ्यांचा फ्लॅट कायम बंद. ते पुण्याहून फोनवर, "विकायचाय, आता त्यात खर्च नको." चौथ्यांनी गळतीचा विषय काढला आणि मग सगळ्यांनाच आपापली गळती आठवली. चहा झाला, ठराव झाला नाही.

आता दुसरी गोष्ट. गणपती झाल्यावर पाहुण्यांना घेऊन सज्जनगड, ठोसेघर करत साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. धुकं, वारं, आणि धुक्यातून नुसता घुंऽऽ घुंऽऽ आवाज. पातं दिसतच नव्हतं. टपरीवर चहा सांगितला तेवढ्यात लाईट गेली. बाईंनी फ्रीजचं दार घट्ट लावून घेतलं आणि म्हणाल्या, "चक्की डोक्यावर, पर लाईट खालनं येती." त्या पठारावर १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या आहेत. यातली एखादी गावाच्या मालकीची आहे का, असं विचारलं तर बाई हसल्याच.

पण तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात ओडनथुराई नावाची ग्रामपंचायत आहे. तिनं २००६ मध्ये बँकेचं कर्ज काढून स्वतःची ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. गावाची गरज भागवून उरलेली वीज ती मंडळाला विकते. ग्रामपंचायतीनं!

आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांत कारखाना सहकारी, दूध सहकारी, सूतगिरणी सहकारी, नदीवरून पाणी उचलणाऱ्या संस्थासुद्धा सहकारी. मग ऊन आणि वाऱ्याच्या बाबतीत आपण नुसते "लाभार्थी" का? अनुभव असणाऱ्यांनी लिहा. फक्त "कुठली कंपनी चांगली" हा धागा करू नका, प्लीज.

सॅमी_मिरज

कुठली कंपनी चांगली?

गच्चीसचिव

🙏

कोयनाकाठची (पाटण)

दादा, त्या टपरीच्या पलीकडच्या अंगाला आमच्या सासऱ्यांचा कातळ होता. दोन हजार सालाच्या आधीच विकला. तेव्हा गावात म्हणायचे, कातळाला पैसे देणारा येडा भेटला. आता सासरे म्हणतात, येडे आपणच. कातळ विकला, पण त्याच्यावरचं वारंही त्यातच गेलं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सातबाऱ्यावर वाऱ्याचा रकाना नसतो ना.

आणि माझं माहेर कोयनेच्या धरणग्रस्तांतलं. आजोबांचं गाव धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली. कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा, महाराष्ट्राची भाग्यरेषा वगैरे भाषणात ऐकतच मोठी झाले. धरणग्रस्तांची वाटणी कुठं रायगड, ठाणे, कुठं सोलापूर, सांगलीचा दुष्काळी भाग अशी झाली. आमच्या घरात तीन भावांची तीन जिल्ह्यांत. त्यामुळं "स्वच्छ ऊर्जेत लोकांचा सहभाग" असं कुणी म्हणालं की माझ्या मनात पहिलं येतं, सहभाग आमचा झालाय हो, भरपूर. वाटा झालेला नाही.

पण चांगलंही सांगते. आमच्याच तालुक्यातली मान्याचीवाडी. ऑगस्ट २०२४ मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. शंभराच्या आसपास वीजजोडण्या, प्रत्येक घरावर पॅनेल, शिवाय पाणीपुरवठा, शाळा, रस्त्यावरचे दिवे. लोक म्हणतात, सरकारनं केलं. सरकारनं मदत केलीच, पण त्या गावाला आधीपासून स्वच्छतेची, ग्रामसभेची सवय होती. योजना आली तेव्हा घरोघर जाऊन समजावणारी माणसं गावातच होती. हे नसतं तर शंभरातली साठ घरं झाली असती आणि चाळीस घरं "बघू पुढं" म्हणत बसली असती, तुमच्या पुण्याच्या फोनवाल्यासारखी.

निवृत्त_वायरमन (गावभाग, सांगली)

सचिवसाहेब, मालकीची चर्चा नंतर करा. आधी एक तांत्रिक गोष्ट ऐका, कारण ती कोटेशनात कुणी लिहीत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या भागात आठवडाभर लाईट नव्हती. २०२१ च्या पुरात शेजाऱ्यांकडं नवं कोरं सोलर होतं. पाणी उतरल्यावर कडक ऊन पडलं, वर पॅनेल चमकतायत आणि घरात अंधार. शेजारी माझ्याकडं आले, "अण्णा, फसवलं की हो आम्हाला." फसवलं नव्हतं. साधं ऑनग्रिड, म्हणजे कंपनीच्या लाईनला (ग्रिडला) जोडलेलं सोलर ग्रिड गेलं की आपोआप बंद होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे. नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल, आणि लाईन बंद आहे म्हणून खांबावर चढलेला माझ्यासारखा कुणीतरी खाली येईल. मी चौतीस वर्षं खांबावर काढली. लोकांच्या जनरेटरची उलटी आलेली वीज काय करते ते डोळ्यांनी बघितलंय. त्यावर जास्त लिहीत नाही.

पुरात दिवा, मोबाईल आणि पाण्याची मोटर चालवायची असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, खर्च वाढेल. आणि विश्रामबाग उंचावर असलं तरी इन्व्हर्टर पार्किंगमध्ये लावू नका. शेजाऱ्यांचा पार्किंगमध्येच होता. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती, तिच्या खाली वीतभर. दुसरं, सामायिक मीटरचा मंजूर भार किती आहे बघा. ५ किलोवॅट असेल तर ८ च्या सोलरसाठी भार वाढवून घ्यावा लागेल. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट केंद्राच्या २०२४ च्या नियमांनी काढली आहे, त्यामुळं कुणी "फिजिबिलिटी अडकली" म्हणालं तर नियम दाखवा.

तासगावचा_बागाईतदार

अण्णांना +१. इन्व्हर्टरचं लक्षात ठेवतो.

आता माझं. मी "मागेल त्याला सौर कृषी पंप" मध्ये १० टक्के भरून साडेसात एचपीचा पंप घेतला. पाच एकरांच्या वर जमीन असली की साडेसात मिळतो. सुख काय? रात्री उठायचं बंद झालं. शेतीच्या लाईटला आठवडा दिवसपाळी, आठवडा रात्रपाळी असते हे शहरातल्या मंडळींना कळणार नाही. माझा मेव्हणा शिराळ्याकडं ऊस करतो. रात्री दोनला दारं धरायला जायचं, हातात बॅटरी, आणि उसात बिबट्या. त्याच्या बायकोला विचारा, शाश्वत ऊर्जा म्हणजे काय ते. ती सांगेल, नवरा रात्री घरात झोपणे.

दुःख काय? सकाळी नवापर्यंत पंप नुसता गुरगुरतो. ढग आले की पाणी पाटातच थांबतं. आणि पाऊस झाल्यावर दोन-तीन महिने बागेला पाणी लागत नाही, तेव्हा पॅनेल नुसतं ऊन खात बसतं. ती वीज कुठंच जात नाही. ती विकता आली असती तर?

बाकी सहकाराचं म्हणाल तर नाव काढू नका. सहकार म्हटला की आधी पॅनेल उभं राहतं, निवडणुकीचं. सौर पॅनेल मागाहून.

हिशोबनीस (इस्लामपूर)

बागाईतदार, तुमचा "विकता आली असती तर" काहींनी करून बघितलाय. गुजरातेत खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. बागेला नको तेव्हाची वीज मंडळीच्या एका मीटरमधून वीज कंपनीला विकायची. वीज विकता येते म्हटल्यावर माणूस पाणीही जपून उपसतो, असा त्यामागचा विचार. आपल्या जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडच्या बोअरवाल्यांनी यावर दोन मिनिटं थांबावं.

पण आपल्याकडं त्याचं गणित का बसत नाही? एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजबिल माफ आहे. ज्याला फुकट मिळते त्याला वीज वाचवून विकण्याची ओढ कुठून येणार? मी माफीच्या विरोधात नाही, बाप शेतकरीच होता. फक्त एका खिशात घातलं की दुसऱ्या खिशाला भोक पडतं, एवढंच.

गच्चीसचिवांच्या मूळ प्रश्नाला उत्तर, कागद काय म्हणतो ते. शेतीसाठीच्या सौरऊर्जेची केंद्राची योजना पीएम कुसुम, तिचा जो "अ" घटक आहे, त्यात पडीक जमिनीवर ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प एकटा शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी, पाणी वापर संस्था, कुणीही उभारू शकतं. पाणी वापर संस्था! ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रात राहणाऱ्यांनी हा शब्द परत वाचा. म्हणजे दार बंद नाहीये. अडतंय ते भांडवलाशी. एका मेगावॅटला चारेक कोटी धरा. त्यातले तीस टक्के स्वतःचे आणा म्हणेल बँक. ज्या गावात पतसंस्थेत ठेवी अडकलेल्या म्हाताऱ्या अजून खेटे घालतायत, तिथं "शेअर घ्या" म्हणून दारोदार फिरायला छाती लागते.

आणि वीज सहकाराचा आपला इतिहासही माहीत हवा. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था कित्येक वर्षं वीज वाटायची, लोकांच्या मालकीची. थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये वितरणाचं काम तिच्याकडून गेलं. तेव्हा मालकी आली की सगळं आपोआप सुरळीत होतं, या भ्रमात कुणी राहू नये. मालकाला आपल्याच भावकीची वसुली करावी लागते.

कोयनाकाठची

हिशोबनीसकाका, वसुलीचं खरं आहे. पण कंपनीची मालकी असली की गाव काहीच बोलू शकत नाही, हे कशात मोजायचं?

माझ्या मावशीच्या गावचा किस्सा (नाव नको). सौर कृषी वाहिनीसाठी गावाच्या गायरानाची मागणी आली. योजना वाईट नाही. शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळते, खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, शिवाय ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, अशी तीन वर्षं. पण ग्रामसभेच्या नोटिशीत विषय असा: "शासकीय योजनेस जागा उपलब्ध करून देणेबाबत." कुठली योजना, कुठली जागा, काही नाही. शेळ्या घेऊन गायरानात जाणाऱ्या बायकांना कळलं ते थेट आखणीचे खुंट ठोकल्यावर. मग भांडण, मग पोलीस, मग पेपरात "ग्रामस्थांचा सौरऊर्जेला विरोध". विरोध सौरऊर्जेला कुणीच केला नव्हता. मावशी एवढंच विचारत होती, निम्मं गायरान ठेवता का, आणि ते पंधरा लाख कशावर खर्च होणार?

निम्मं ठेवलं, शेवटी. हेच आधी बसून ठरलं असतं तर सहा महिने वाचले असते. पंधरा लाखांचं मात्र अजून कळलेलं नाही.

सॅमी_मिरज

मघाशी गंमत केली, सॉरी. खरा प्रश्न विचारतो. मी भाड्याच्या खोलीत राहतो, दवाखान्यात नोकरी. माझ्याकडं ना गच्ची, ना गायरान, ना कातळ. तुमच्या या सगळ्या सहभागात मी कुठं?

हिशोबनीस

एकदम नेमका प्रश्न. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. सोलर एका जागी, कुठल्याही मोकळ्या छपरावर. त्यात दहा-वीस जणांचे वाटे, आणि प्रत्येकाच्या बिलात आपापल्या वाट्याची युनिटं वळती. दिल्लीत २०१९ मध्येच यासाठी नियमावली आली. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात निम्मे लोक तुमच्यासारखे भाड्यानं राहणारे, इथं ते किती कामाचं आहे बघा.

असल्या गोष्टी आपोआप येत नाहीत, मागाव्या लागतात, आणि मागायची जागा आहे. वीज कायदा २००३, कलम ६४: दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोगानं लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्याच पाहिजेत. जाहिरात पेपरात येते, हरकत मराठीत लिहिली तरी चालते. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, शेजारच्या इचलकरंजीतून प्रताप होगाडे वर्षानुवर्षं हे काम करतायत. मी स्वतः एकदा सुनावणीला गेलो होतो. हॉलमध्ये उद्योगांचे वकील आणि सल्लागार खच्चून, घरगुती ग्राहक म्हणून आम्ही मोजून सात. त्यातले दोन एसी आहे म्हणून बसलेले.

तासगावचा_बागाईतदार

😂 दोनातले एक तुम्हीच असणार.

निवृत्त_वायरमन

पवनचक्कीचं एक राहिलं. पहिल्या खेपेच्या चक्क्या आता म्हाताऱ्या झाल्यात. पवनचक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षं. आता जुनी छोटी काढून तिथंच मोठी उभी करायची, त्याला रिपॉवरिंग म्हणतात, केंद्राचं धोरण २०१६ चं आहे, २०२३ मध्ये ते सुधारलं. वारं पावसाळ्यात जोरात असतं, तेव्हाच सोलर मंदावतं, म्हणजे दोघांची जोडी चांगली. तर या पठारांवरच्या चांगल्या वाऱ्याच्या जागा कुणी सोडणार नाही.

माझं म्हणणं, कातळ विकला तो विकला. पण नवीन मशीन वर न्यायचं तर रस्ता रुंद लागतो, लांब पातं वळणावर वळत नाही, तार नव्यानं ओढावी लागते. म्हणजे परत गावाच्या दारात यावंच लागणार. तेव्हा गावानं काय मागायचं, ते आधी बसून ठरवा. टेम्पो ठेकेदारी आणि वॉचमनच्या चार नोकऱ्या यापुढं मागणी गेली पाहिजे.

हिशोबनीस

अण्णा, लाख बोललात. डेन्मार्कमध्ये २००९ च्या कायद्यानं नवीन पवनचक्कीतले किमान २० टक्के वाटे साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करणं सक्तीचं केलं होतं. पुढं २०२० मध्ये ते बदलून जवळच्या घरांना दरवर्षी बोनस द्यायची पद्धत आली. कोपनहेगनच्या समुद्रात मिडेलग्रुंडेन म्हणून वीस चक्क्या आहेत, त्यातल्या निम्म्या आठ हजारांवर सभासदांच्या सहकारी संस्थेच्या. तिथला माणूस समुद्राकडं बघून म्हणू शकतो, ती फिरतेय ना, तिच्यात माझे पैसे आहेत. चाळकेवाडीपासून साडेचार किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, किती वाड्या येतात.

कोयनाकाठची

वर्तुळ काढलं. आमची येते 🙂 सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "वीस टक्के नगं, दोन दिले तरी लई झालं." मी म्हटलं, हीच आपली खोड, पहिल्यांदाच दोनावर येतो. ग्रामसभेला विषय लेखी देणार आहे: रिपॉवरिंगचा प्रस्ताव आल्यास गावाच्या अटी. हिशोबनीसकाका, मसुदा बघून द्याल का? भाषा सरकारी हवी, पण शेळ्यावाल्या बायकांना कळेल अशी.

हिशोबनीस

पाठवा. दुसरी अट जास्त अवघड आहे, प्रयत्न करतो.

गच्चीसचिव (फेब्रुवारीतला अपडेट)

मंडळी, धागा वर काढतोय, कारण आमच्या गच्चीवर सोमवारपासून वीज तयार व्हायला लागली.

ठराव कसा झाला ते सांगतो. "सगळ्यांनी सारखं भरा" हा हट्ट मी सोडला. बागाईतदारांच्या निवडणुकीच्या पॅनेलचा धसका होताच. ज्यांना पटलं त्यांनी सोसायटीला बिनव्याजी उसने द्यायचे, कुणी दहा हजार, कुणी तीस. बिल जितकं वाचेल त्यातून त्यांच्या मेंटेनन्समध्ये दरमहा वळते करायचे. ऑडिटरनं नोंद कशी ठेवायची ते सांगितलं. सतरा जण तयार झाले. गंमत म्हणजे लिफ्ट न वापरणारे पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ पंचवीस हजार घेऊन आले. आता ते रोज सकाळी मोबाईलवर युनिटं बघतात आणि लिफ्टमध्ये कुणी पंखा चालू ठेवला तर ओरडतात. पुण्याच्या फोनवाल्यांनी काही दिले नाहीत, पण फ्लॅटच्या जाहिरातीत "सोलरयुक्त सोसायटी" टाकलंय.

अण्णा, मंजूर भार खरंच ५ होता. वाढवून घेण्यात पाच आठवडे गेले. इन्व्हर्टर पहिल्या मजल्याच्या जिन्यात, डोक्याच्या वर. बॅटरी अजून नाही. पूर आला तर अंधारातच बसणार, निदान का ते माहीत असेल.

काकींसाठी सांगाडा आठ फूट उंच घेतला, चाळीस हजार जास्त गेले. पूर्वेची दहा फुटांची पट्टी मोकळी, ती कुरडयांची. पॅनेलखाली मात्र दिवसभर सावली आणि वारं. काकी काल विचारत होत्या, तिथं काय वाळवता येईल? सावलीत काही वाळतं का?

तासगावचा_बागाईतदार

बेदाणा! बेदाणा सावलीतच वाळवतात, उन्हात काळा पडतो. वारं खेळतं पाहिजे, बस. माझ्याकडं आत्ता सोनाका द्राक्षाचा माल उतरतोय. काकींना म्हणावं जाळी बांधून ठेवा, रविवारी वीस किलो घेऊन येतो. पण वाळल्यावर निम्मा वाटा माझा, हे इथंच सगळ्यांदेखत लिहून ठेवतो.